बाईकचे कान भरायचे, की डोकंच बदलायचं?

तुमच्या घरात, शेजारात किंवा नात्यात एखादी तापट बाईक नक्की असेल. अंगानं सडसडीत, आवाजाला चढी, आणि जिच्यामुळे आई रोज रात्री "पोचलास का?" असा मेसेज करते, ती. मग एक दिवस ती चालवणारा मुलगा किंवा मुलगी जेवताना सहज सांगते, "मी बाईक रिमॅप करून घेणार आहे." बाकीच्यांना एवढंच कळतं, की काहीतरी खर्चाचं काम आहे आणि बाईक आता आणखी जोरात पळणार आहे.

हा लेख त्या बाकीच्यांसाठी आहे आणि त्या बाईकवाल्यांसाठीही. मी मूळची बेळगावची. बीए इंग्लिश केलं आणि आता बेंगळुरूत कंटेंट रायटर म्हणून काम करते. माझ्याकडे सेकंडहँड केटीएम ३९० ड्यूक आहे, २०१८ची. तिचे हप्ते अजून चालू आहेत. गेलं वर्षभर मी एकाच प्रश्नाच्या मागे लागले होते: इंजिन ट्यून करायचं तर कुठल्या पद्धतीनं? मी इंजिनिअर नाही. पण शब्दांवर पोट असल्यामुळे एक सवय लागली आहे. 'तब्बल', 'जबरदस्त', 'दुप्पट' असे शब्द दिसले की थांबून विचारायचं, कशाच्या तुलनेत? आणि मोजलं कुणी? या विषयात ती सवय फार उपयोगी पडली.

आधी माझी गोष्ट थोडक्यात

३९० ड्यूक भारतात २०१३ साली आली. ती बनते पुण्याजवळ चाकणला, बजाजच्या कारखान्यात. माझ्या मॉडेलचं इंजिन ३७३ सीसीचं, एकाच सिलिंडरचं, आणि ताकद ४३.५ पीएस. वजन दीडशे किलोच्या थोडं वर. एवढ्या हलक्या गाडीत एवढी ताकद म्हणजे पोरगी हुशार पण शांत बसवत नाही, असा प्रकार. ती उघड्या रस्त्यावर आनंदात असते. सकाळी साडेनऊला सिल्क बोर्डच्या सिग्नलला पहिल्या गिअरमध्ये रांगताना मात्र हिसके देते. मोठ्या एका सिलिंडरच्या इंजिनाचा तो स्वभावच आहे. त्यात माझ्या आधीच्या मालकानं गाडीची हौस भरपूर केली होती, निगा मात्र फारशी नाही. त्यामुळे हिसके जरा जास्तच होते. महिनाभर ऑफिसला जाऊन-येऊन माझं मनगट दुखायला लागलं. गाडी विकावी का, इथपर्यंत विचार गेला.

ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, "ट्यून करून घे." पण कसं, हे विचारलं की प्रत्येकाचं उत्तर वेगळं.

बाबांचं ट्यूनिंग

खरं तर ट्यूनिंग हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले आहे. बाबा सहकारी बँकेत कारकून होते आणि त्यांच्याकडे यामाहा आरएक्स १०० होती. आठवडाभर बँकेतली खाती आणि रविवारी कार्ब्युरेटर, असा त्यांचा नेम. त्यांच्या काळात ट्यूनिंगची हत्यारं म्हणजे एक स्क्रू ड्रायव्हर, एक प्लग पाना आणि डोळे.

कार्ब्युरेटरचं काम साधं असतं. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीनं बारीक भोकातून पेट्रोल वर येतं आणि हवेत मिसळतं. त्या भोकाला जेट म्हणतात. भोकात एक निमुळती सुई असते. सुईवर खाचा असतात आणि एका खाचेत क्लिप अडकवलेली असते. क्लिप एक खाच खाली बसवली की सुई वर राहते आणि पेट्रोल जास्त येतं. वर बसवली की कमी.

आम्ही बेळगावहून चोर्ला घाटातून गोव्याला जायचो, तेव्हा बाबा निघण्याआधी क्लिप एक खाच खाली घ्यायचे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचावर आहे. खाली समुद्राजवळ हवा दाट असते, म्हणजे तेवढ्याच घोटात प्राणवायू जास्त. पेट्रोल तेवढंच राहिलं तर मिश्रण पातळ होतं, इंजिन जास्त तापतं, आणि हवेनं गार होणारं टू-स्ट्रोक इंजिन लांबच्या पल्ल्यात अडकू शकतं. परत आल्यावर ते प्लग काढून बघायचे. विटकरी-तपकिरी रंग असेल तर ठीक, काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला असेल तर कमी. "प्लग खोटं बोलत नाही," हे त्यांचं वाक्य मला पाठ आहे.

पुढे येणाऱ्या सगळ्या यंत्रांना हाच प्रश्न विचारायचा आहे, म्हणून हे सांगितलं. बदल कुठे केला? आणि तो बरोबर झाला का, हे कोण सांगणार?

आता प्लगच्या जागी कोष्टक

माझ्या गाडीत कार्ब्युरेटर नाही. तिथे ईसीयू नावाची काळी डबी आहे. तिच्या पोटात कोष्टकं असतात, पंचांगासारखी. एका बाजूला इंजिनचे फेरे, दुसऱ्या बाजूला थ्रॉटल किती उघडला आहे ते. दोन्ही ओळी जिथे मिळतात त्या घरात एक आकडा असतो: इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा. दुसरं कोष्टक ठिणगीचं. पिस्टन वर पोचायच्या किती अंश आधी ठिणगी पाडायची, ते त्यात असतं. तिसरं कोष्टक थ्रॉटलचं. २०१७ नंतरच्या ३९०मध्ये मुठीपासून इंजिनपर्यंत केबल जात नाही. तुम्ही मूठ पिळता, ती फक्त विनंती असते. आतली झडप किती उघडायची ते ईसीयू ठरवतो.

हा हिशेब किती वेगानं चालतो, ऐका. इंजिन मिनिटाला ९,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १५० फेरे होतात. फोर-स्ट्रोकमध्ये दर दोन फेऱ्यांना एकदा पेट्रोल उडतं, म्हणजे सेकंदाला ७५ वेळा. प्रत्येक वेळी ही डबी कोष्टक बघून, तापमान आणि हवेचा दाब धरून नवा आकडा काढते. चोर्ला घाट उतरताना बाबा जी क्लिप हलवायचे, ती ही डबी वाटेतच हलवत असते.

आकडे कशाच्या आधारानं ठरतात? १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. या प्रमाणात धूर सगळ्यात स्वच्छ करता येतो, कारण सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर याच प्रमाणावर नीट काम करतो. पण सगळ्यात जास्त ताकद हवी असेल तर मिश्रण जरा घट्ट लागतं, १३च्या आसपास. म्हणजे स्वच्छ धूर आणि जास्तीत जास्त ताकद यांच्यात थोडं भांडण आहे. कंपनीला प्रदूषणाचे नियम, मायलेज, आवाज आणि वेगवेगळ्या प्रतीचं पेट्रोल, हे सगळं सांभाळून आकडे भरावे लागतात. २०१७मध्ये बीएस ४ आणि २०२०मध्ये बीएस ६ आल्यावर ही तारेवरची कसरत आणखी अवघड झाली.

ट्यूनिंग म्हणजे हे आकडे बदलणं. त्याचे तीन मार्ग.

पहिला मार्ग: कान भरणारा

पिगीबॅक नावाची छोटी डबी ईसीयू आणि वायरिंगच्या मध्ये बसते. मूळ ईसीयूला हात लागत नाही. ईसीयू इंजेक्टरला सांगतो, "अमुक इतका वेळ उघड." पिगीबॅक तो निरोप मध्येच पकडतो आणि पुढे सांगतो, "त्यापेक्षा जरा जास्त." काही डब्या क्रँकच्या सेन्सरचा निरोपही पकडतात आणि ठिणगीची वेळ पुढेमागे करतात. अमेरिकेच्या डायनोजेटचा पॉवर कमांडर, इटलीचा रॅपिड बाईक आणि आमच्या बेंगळुरूतल्या रेस डायनॅमिक्सचा पॉवरट्रॉनिक ही या घरातली ओळखीची नावं.

मोठा फायदा म्हणजे, नको वाटलं तर कनेक्टर काढायचे, मूळचे जोडायचे आणि गाडी होती तशी. गाडी विकताना डबी काढून ठेवता येते.

पण कान भरणाऱ्याची मर्यादाही असते. समजा, घरातल्या मोठ्या माणसाचे कान तुम्ही भरलेत, पण खरं-खोटं तपासायला त्याचा स्वतःचा माणूस आहे, तर काय होईल? गाडीत तो माणूस म्हणजे सायलेन्सरच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर. तुम्ही एका वेगानं आरामात चाललेले असता तेव्हा ईसीयू या सेन्सरचं ऐकून मिश्रण १४.७च्या आसपास ठेवतो. पिगीबॅकनं पेट्रोल वाढवलं की सेन्सर चुगली करतो आणि ईसीयू तेवढंच पेट्रोल कापतो. दोघांची रस्सीखेच. म्हणून बऱ्याच किटांमध्ये या सेन्सरच्या जागी लावायला एक जोड येतो. तो ईसीयूला 'सगळं ठीक आहे' असं सांगत राहतो. म्हणजे कान भरायचे आणि खबऱ्यालाही गप्प करायचं. थ्रॉटल जोरात उघडला की ईसीयू सेन्सरचं ऐकणं सोडून थेट कोष्टकावर चालतो. तिथे मात्र पिगीबॅकचं राज्य असतं.

माझ्या ऑफिसातल्या मित्राच्या ३९०वर पिगीबॅक आहे. देवनहळ्ळीच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर मी ती चालवून पाहिली. ५,००० फेऱ्यांच्या वर गाडी खरोखर मोकळी होते, छातीवरचं ओझं उतरल्यासारखी. गावातल्या रांगण्यात मात्र मला फार फरक जाणवला नाही. त्याचं कारण पुढच्या मार्गात कळलं: हिसक्यांचा मोठा भाग थ्रॉटलच्या झडपेच्या कोष्टकात असतो, आणि तिथे कान भरणाऱ्याचा हात पोचत नाही.

दुसरा मार्ग: डोकंच बदलणं

यात मध्ये काही बसवायचं नसतं. ईसीयूच्या मेमरीतली फाइल लॅपटॉपवर उतरवायची, कोष्टकं बदलायची आणि पुन्हा आत लिहायची. याला फ्लॅश करणं किंवा रिमॅप म्हणतात. इथे पेट्रोल, ठिणगी, थ्रॉटलची झडप, रेव्ह लिमिट, रेडिएटरचा पंखा किती तापमानाला सुरू व्हावा, असं बरंच काही एकाच वेळी, एकमेकांशी जुळवून बदलता येतं. रस्सीखेच नाही, कारण घरात माणूसच एक.

कॉलेजच्या वेळची माझी एक मैत्रीण कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेला जाते. तिनं स्वतःची गाडी डायनोवर ठेवून, अर्धा दिवस थांबून फ्लॅश करून घेतली. ती गाडी मी पार्किंगमध्ये, चालण्याच्या वेगानं चालवली. खरं सांगते, मला हेवा वाटला. मूठ केसभर पिळली की गाडी केसभरच पुढे येते. हिसका नाही, अडखळ नाही. जणू गाडीनं माझं म्हणणं पहिल्यांदाच नीट ऐकलं.

मग अडचण काय? पहिली, बदल बाहेरून दिसत नाही. उद्या गाडी बिघडली तर दुसऱ्या मेकॅनिकला आत काय लिहिलं आहे ते कळत नाही. दुसरी, लिहिताना बॅटरीचं व्होल्टेज कोसळलं किंवा केबल निघाली तर ईसीयू कायमचा गप्प होऊ शकतो. तिसरी, सर्व्हिस सेंटरनं नवं सॉफ्टवेअर टाकलं तर तुमची फाइल पुसली जाते. आणि चौथी, सगळ्यात महत्त्वाची: मूळ फाइल जपून ठेवली नसेल तर परतीचा रस्ता बंद.

तिसरा मार्ग: शिकत राहणारा

पिगीबॅकला वाइडबँड सेन्सर जोडला की ऑटोट्यून तयार होतो. गाडीतला साधा सेन्सर फक्त 'जास्त' किंवा 'कमी' एवढंच सांगतो. वाइडबँड सांगतो, नेमकं किती. तुम्ही हवं ते प्रमाण ठरवून द्यायचं. गाडी चालत असताना ऑटोट्यून मोजत राहतो आणि आकडे सुधारतो.

ऐकायला हेच सगळ्यात शहाणं वाटतं, आणि बाबांनाही हेच आवडलं. "म्हणजे चालत्या गाडीत प्लग बघितल्यासारखंच की गं!" बरोबर आहे. पण या प्लगला फसवता येतं. सायलेन्सरच्या जोडात बारीक फट असेल तर बाहेरची हवा आत येते आणि सेन्सरला वाटतं, पेट्रोल कमी आहे. एका सिलिंडरच्या इंजिनात कमी फेऱ्यांवर नळीच्या टोकाकडून हवा मागेही ओढली जाते, तेव्हाही तीच गफलत. शिवाय हा फक्त पेट्रोलचं शिकतो. ठिणगीची वेळ बरोबर आहे की नाही, हे तो सांगू शकत नाही. आणि इंजिन फुटतं ते बहुतेक वेळा ठिणगीच्या चुकीनं. ठिणगी फार लवकर पडली की मिश्रण नीट जळण्याऐवजी धडाधड पेटतं. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. त्याला नॉकिंग म्हणतात. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल हे टाळायला मदत करतं. पंपावर साध्या पेट्रोलबरोबर असं महागडं पेट्रोलही मिळतं. पण कोष्टक तसं बदललेलं नसेल तर नुसतं महाग पेट्रोल भरून ताकद वाढत नाही. एवढं वाक्य घरातल्या बाईकवाल्याला जरूर वाचून दाखवा.

कागदावरचा आकडा

प्रत्येक ट्यूनर डायनोचा कागद देतो. गाडी रोलरवर चढवून मागच्या चाकाची ताकद मोजतात. दोन रेषा असतात, आधीची आणि नंतरची. इथे माझी कंटेंट रायटरची सवय कामाला आली.

कंपनी सांगते ती ताकद क्रँकवरची. चाकापर्यंत येताना गिअरबॉक्स आणि चेनमध्ये काही जाते. त्यामुळे कंपनीचा आकडा आणि डायनोचा आकडा शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही. दोन वेगळ्या डायनोंचे आकडेही एकमेकांशी ताडू नयेत. तोच डायनो, तोच दिवस, इंजिनचं तेच तापमान, तेव्हाच त्या दोन रेषांना अर्थ. अशा इंजिनात सायलेन्सर आणि फिल्टर मूळचेच ठेवले तर फरक दोन-चार हॉर्सपॉवरच्या आतच असतो. माझ्या दोन्ही मित्रमंडळींच्या कागदांवरही तेवढाच होता. 'तब्बल' म्हणावं असं त्यात काही नाही. पण रेषा कुठे वर गेली आहे ते बघा. टोकाला गेली असेल तर ती ट्रॅकच्या कामाची. मधल्या पट्ट्यात गेली असेल तर रोजच्या. मला तर टोकाशी काहीच काम नव्हतं. मला हवी होती सिग्नलवरची शांतता, आणि ती कुठल्याही डायनोच्या कागदावर छापून येत नाही.

मोटोजीपी बघणाऱ्यांना माहीत असेल, २०१६पासून तिथे सगळ्या संघांना मॅग्नेटी मारेलीचा एकच ईसीयू आणि एकच सॉफ्टवेअर वापरावं लागतं. तरी सगळ्या गाड्या सारख्या पळत नाहीत. डबी तीच, फरक ती कोष्टकं भरणाऱ्या माणसांचा. आपल्या गल्लीतही तेच खरं आहे.

दुसऱ्याचा चष्मा

माझ्या ओळखीतल्या एकानं फ्लॅशसाठी पैसे नकोत म्हणून कुणाकडून तरी आलेली तयार फाइल टाकून घेतली. ती फाइल वेगळ्या सायलेन्सरच्या, वेगळ्या फिल्टरच्या गाडीवर बनवलेली होती. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावावा तसं झालं. दोन आठवडे गाडी भन्नाट पळाली. मग हायवेवर लांबचा पल्ला मारताना पिस्टनचा माथा वितळला. सुदैवानं मागून काही येत नव्हतं. खर्चाचा आकडा ऐकून त्याची आई म्हणाली, "एवढ्यात स्कूटर आली असती."

आणि आता एक नवीन गोष्ट त्यात आली आहे. २०२३पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल टप्प्याटप्प्यानं पंपांवर आलं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. त्यामुळे १४.७चं ते जुनं प्रमाण या पेट्रोलला लागू होत नाही. इथे ते साधारण १३.५ होतं. १० टक्क्यांच्या पेट्रोलवर बेतलेलं जुनं कोष्टक आज जसंच्या तसं वापरलं तर पूर्ण थ्रॉटलवर मिश्रण ३ ते ४ टक्के पातळ पडतं. मी हे बाबांना फोनवर सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "म्हणजे क्लिप न हलवता चोर्ला उतरल्यासारखं झालं." त्यांना ईसीयू कसा दिसतो ते माहीत नाही, पण मुद्दा त्यांना माझ्याआधी कळला. तेव्हा चार-पाच वर्षांपूर्वी ट्यून केलेली गाडी घेत असाल, तर कोष्टक कुठल्या पेट्रोलवर बनवलं, हे विचाराच.

कायदा आणि विमा

हे कंटाळवाणं आहे, म्हणूनच कुणी सांगत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार नोंदणीतल्या तपशिलांपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. वॉरंटी असेल तर ती धोक्यात येते. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो. सेन्सर गप्प केलेली किंवा मिश्रण फार घट्ट केलेली गाडी पीयूसीत अडकू शकते, आणि नव्या बीएस ६ गाड्यांमध्ये मीटरवर दिवाही लागतो. ट्रॅकवर फक्त ट्रॅकसाठी ठेवलेली गाडी ही गोष्ट वेगळी. रस्त्यावरच्या गाडीला हे सगळं लागू आहे.

मग मी काय केलं?

जेसी रोडच्या मागच्या गल्लीत एक वयस्कर मेकॅनिक आहेत. त्यांना मी तिन्ही मार्ग सांगितले. त्यांनी ऐकून घेतलं, खाली वाकून चेनला बोट लावलं आणि म्हणाले, आधी हिला जशी बनवली होती तशी तरी करू, मग बदलू. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट बदलले. थ्रॉटल बॉडी साफ केली, टॅपेट तपासले, नवा प्लग, नवा एअर फिल्टर, क्लच केबल. मूठ सोडून धरली की सैल चेन ताणली जाते आणि धक्का देते. माझ्या हिसक्यांचा मोठा वाटा तिथेच होता. एकूण खर्च पिगीबॅकच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. उरलेले हिसके गाडीच्या स्वभावाचे आहेत आणि त्यांच्याशी माझं बऱ्यापैकी जमलं आहे. मनगट आता दुखत नाही. गाडी विकायचा विषय निघत नाही.

फ्लॅश मी केला नाही. तो वाईट म्हणून नाही. तिन्हींत तोच सगळ्यात चांगला, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. पण माझ्या मैत्रिणीची गाडी बंद पडली तर ती ट्रॅकच्या कडेला बंद पडते, आणि तिच्याकडे ऑफिसला जायला स्कूटर आहे. माझी बंद पडली तर ती चित्रदुर्ग आणि दावणगेरेच्या मध्ये, रात्री, बेळगावच्या वाटेवर बंद पडेल. माझ्याकडे दुसरं वाहन नाही आणि इंजिन बांधायला पैसे नाहीत. डोकं बदलायचं असेल तर ते बिघडलं तरी आपलं चालेल, एवढी सोय आधी हवी.

तुमच्या घरात हा विषय निघाला तर लगेच नको म्हणू नका. हो तर मुळीच म्हणू नका. चार प्रश्न विचारा. गाडीची पूर्ण निगा राखली आहे का? तुला नेमकं काय हवं आहे, टोकाचा वेग की खालची सहजता? कोष्टक तुझ्याच गाडीवर, आजच्या पेट्रोलवर, तुझ्यासमोर मोजून बनवणार का? आणि पटलं नाही तर परत यायचा रस्ता कुठला, मूळ फाइल कुणाकडे राहणार? उत्तरं नीट आली तर समजा, पोराला विषय कळला आहे. नाही आली तर पैसे खिशात राहू द्या आणि आधी चेन बघा.

माझे शेवटचे सात हप्ते उरले आहेत. मैत्रिणीच्या गाडीची ती केसभर पिळलेली मूठ अजून हाताला आठवते. कर्ज फिटलं आणि घरात दुसरी गाडी आली, की हा विषय मी पुन्हा काढणार आहे. तोपर्यंत दर रविवारी सकाळी चेनला तेल घालते, आणि बाबा फोनवर न चुकता विचारतात, "आवाज कसा येतोय गं?"